अमेरिकेचं राजकारण: बातमीमागचा कागद कुठे शोधायचा?

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. डोनाल्ड ट्रम्प यांनी एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसाबद्दलच्या एका घोषणापत्रावर सही केली आणि आपल्याकडे शनिवार नीट उजाडायच्या आत व्हॉट्सॲपवर हलकल्लोळ माजला. एक लाख डॉलर फी, तीही दरवर्षी, जुन्या व्हिसावाल्यांनासुद्धा, आणि रविवारच्या आत अमेरिकेत पोचा. सुट्टीवर घरी आलेल्या कितीतरी जणांनी मिळेल त्या भावात परतीची तिकिटं काढली. यातलं ‘दरवर्षी’ हे काही कुण्या ग्रुपच्या ॲडमिनने पदरचं घातलेलं नव्हतं. सहीच्या वेळी खुद्द वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक तसं बोलले होते. सही झालेल्या कागदात मात्र ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलाइन लेव्हिट यांनी खुलासा केला: फी एकदाच, आणि नव्या अर्जांनाच. नागरिकत्व आणि स्थलांतराचं काम बघणाऱ्या यूएससीआयएस या खात्याने त्याच दिवशी तसं परिपत्रकही काढलं.

मूळ घोषणापत्र शनिवारी सकाळी कुणी शांतपणे वाचलं असतं, तर निम्म्या शंका तिथेच फिटल्या असत्या. फी दरवर्षीची असल्याचा उल्लेख नाही, वाढवली नाही तर मुदत बारा महिन्यांचीच, हे त्यात दिसत होतं. उरलेल्या निम्म्या फिटल्या नसत्या. व्हिसा आधीपासून हातात आहे त्यांचं काय, हे त्या मजकुरात धड सांगितलेलंच नव्हतं. त्यासाठी खात्याचं परिपत्रक यावं लागलं.

अमेरिकेचं सरकार आणि राजकारण इंटरनेटवरून समजून घ्यायचं असेल, तर चांगल्या वेबसाइटींची यादी पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्यावी. कुठलीही बातमी आली की विचारायचं: हा कागद नेमका कसला आहे, आणि तो कुणी काढला? जमीन घेताना आपण दलालाच्या गप्पांवर न जाता सातबारा मागतो, तितकीच ही साधी गोष्ट आहे. तिथले कागद मुख्यतः चार जातींचे. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, करते तो कायदा. राष्ट्राध्यक्ष काढतात तो आदेश किंवा घोषणापत्र, आणि त्याला राज्यघटनेचा किंवा आधीच्या एखाद्या कायद्याचा आधार लागतो (एच-१बीच्या घोषणापत्राने १९५२च्या स्थलांतर कायद्यातल्या कलम २१२(एफ)चा घेतला होता). सरकारी खातं करतं तो नियम. आणि कोर्ट देतं तो निकाल. मंत्र्याचं बोलणं, मुलाखत, ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशल या समाजमाध्यमावरची पोस्ट यांतलं काहीच या चारांत बसत नाही. त्यातून पुढे कागद निघू शकतो, पण निघेपर्यंत ते बोलणंच. बऱ्याच वाहिन्यांवर मात्र या सगळ्याला सरसकट ‘अमेरिकेचा निर्णय’ म्हणतात.

कायद्यांपासून सुरुवात करू, कारण सर्वात जास्त गोंधळ तिथेच होतो. काँग्रेस डॉट जीओव्ही हे संकेतस्थळ लायब्ररी ऑफ काँग्रेस चालवते. फुकट आहे, नाव नोंदवायचीही गरज नाही. विधेयकाच्या नंबराआधी एच.आर. असेल तर ते प्रतिनिधीगृहात मांडलेलं, एस. असेल तर सिनेटमध्ये. पान उघडलं की वर एक पट्टी दिसते: मांडलं, एका सभागृहात मंजूर, दुसऱ्यात मंजूर, राष्ट्राध्यक्षांकडे, कायदा झाला. दोन्ही सभागृहांनी अक्षरशः एकच मजकूर मंजूर करावा लागतो. आणि दर दोन वर्षांनी, ३ जानेवारीला, काँग्रेसची मुदत संपली की तोवर कायदा न झालेलं प्रत्येक विधेयक मरतं. पुढच्या काँग्रेसमध्ये नव्याने मांडायचं, नवा नंबर घ्यायचा.

हा नियम माहीत नसला की काय होतं, याचं उदाहरण ग्रीन कार्डचं, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचं. एका देशात जन्मलेल्यांना नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्क्यांहून जास्त मिळू नयेत अशी मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची रांग इतकी लांब. ही मर्यादा काढणारं विधेयक, एच.आर. १०४४, प्रतिनिधीगृहाने १० जुलै २०१९ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. २ डिसेंबर २०२०ला सिनेटनेही त्याच नावाचं विधेयक कुणाच्याही हरकतीशिवाय मंजूर केलं. दोन्हीकडे मंजूर! पेढे वाटायचेच बाकी होते. पण सिनेटने मजकूर बदलला होता, म्हणजे दोन्ही सभागृहांनी एक मजकूर मंजूर केलेलाच नव्हता. महिन्याभरात काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक गेलं. पट्टी कायद्यापर्यंत पोचलीच नव्हती, हे त्या पानावर आजही दिसतं.

त्याच पानावर मजकुराच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची सोय असते, आणि माझ्या मते संबंध संकेतस्थळातली सर्वात उपयोगी गोष्ट हीच. २०२५च्या उन्हाळ्यात एच.आर. १ या भल्यामोठ्या विधेयकात परदेशी पैसे पाठवण्यावर कर येणार म्हणून आपल्या लोकांत चिंता पसरली. समितीच्या मसुद्यात तो पाच टक्के होता, आणि नागरिक नसलेल्यांवर. प्रतिनिधीगृहाने २२ मे रोजी मंजूर केला तेव्हा साडेतीन टक्के झाला. ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात एक टक्का उरला, आणि त्याचं रूपच बदललं होतं: पाठवणारा नागरिक असो वा नसो, रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा कॅशिअर्स चेक देऊन पाठवलेल्या पैशांवर तो लागणार, बँक खात्यातून किंवा अमेरिकी डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवलेल्यांवर नाही. लागू १ जानेवारी २०२६पासून. म्हणजे बँकेतून आईवडिलांना पैसे पाठवणाऱ्या इंजिनिअरला तो कर लागतच नाही. तरी पाच टक्क्यांचा फॉरवर्ड अजून फिरताना दिसतो. मजकूर शेकडो पानांचा आहे हे खरं, पण सगळा वाचायचा कशाला? पानात ‘रेमिटन्स’ शब्द शोधला की थेट त्या कलमावर जाता येतं. फक्त आवृत्ती शेवटची आहे ना, तेवढं बघायचं.

ठराव हा आणखी एक फसवा प्रकार. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधीगृहावर निवडून गेलेत. एप्रिल २०२५मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव मांडला. मराठी माणसाला याचं अप्रूप वाटणं साहजिक आहे, पण असा ठराव एकटा सदस्यही मांडू शकतो. सभागृहाने तो बहुमताने मंजूर केला, तर महाभियोग झाला असं म्हणतात. आणि त्यानंतरही पदावरून काढायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. ‘मांडला’ आणि ‘झाला’ यांत एवढं अंतर आहे. प्रत्येक काँग्रेसमध्ये दहा हजारांहून जास्त विधेयकं येतात आणि कायदा होतो तो काहीशेंचाच. तेव्हा नुसतं ‘विधेयक सादर’ या बातमीने झोप उडवून घेऊ नये.

कायद्याची भाषा किचकट असते, हे तिथल्या खासदारांनाही ठाऊक आहे. त्यांच्यासाठी सोपं करून सांगायला १९१४पासून एक संशोधन विभाग आहे, काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस. त्याचे अहवाल पूर्वी सामान्य माणसाला सरळ मिळत नसत. २०१८च्या एका कायद्याने ते खुले झाले. एच-१बी, भारत-अमेरिका संबंध, टॅरिफ, सिनेटचे फिलिबस्टरचे (चर्चा लांबवून मतदान अडवण्याचे) नियम, हवा तो विषय घ्या. दहा-वीस पानांत कुणाचीही बाजू न घेता मांडलेला सापडतो. वर्तमानपत्रात अमेरिकेवर लिहिणाऱ्यांनी दुसरं काही नाही तरी हे अहवाल वाचावेत, असं मला कळकळीने वाटतं. पैशांचा हिशेब हवा असेल तर काँग्रेशनल बजेट ऑफिस. हेही पक्षनिरपेक्ष, आणि म्हणूनच सत्तेवर कुणीही असो, त्याच्या शिव्या खाणारं. वर सांगितलेल्या एच.आर. १मुळे दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल, हा अंदाज त्याचाच.

आदेश आणि नियम बघायचे ते फेडरल रजिस्टरमध्ये. आपल्या राजपत्राचा हा अमेरिकी भाऊ १९३६पासून कामाच्या दर दिवशी निघतो. राष्ट्राध्यक्षांचे आदेश सहीनंतर काही दिवसांनी इथे छापले जातात. मथळ्यात न मावणाऱ्या गोष्टी इथे सापडतात. ६ ऑगस्ट २०२५च्या आदेशाने भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लादलं, एकूण ५० झालं, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण २७ ऑगस्टआधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरआधी अमेरिकेत उतरलेला माल या वाढीतून सुटेल, असं त्याच आदेशात लिहिलेलं होतं. ज्याचा कंटेनर न्हावा-शेवाहून निघालेला होता, त्याच्यासाठी खरी बातमी ती.

खात्याच्या नियमाच्या बाबतीत ‘प्रस्तावित’ आणि ‘अंतिम’ यांत गल्लत करू नका. आधी प्रस्ताव छापतात, मग बहुधा महिना-दोन महिने लोकांची मतं मागवतात, आणि त्यानंतर अंतिम नियम. मतं रेग्युलेशन्स डॉट जीओव्हीवर द्यायची. तिथे कुणीही लिहू शकतं, भारतात बसलेला माणूससुद्धा. एच-१बीच्या लॉटरीत, म्हणजे अर्जांच्या सोडतीत, जास्त पगाराच्या अर्जांना झुकतं माप देणारा नियम याच वाटेने गेला: सप्टेंबर २०२५मध्ये प्रस्ताव, डिसेंबरमध्ये अंतिम. मधल्या काळात ‘लॉटरी बंद’ म्हणून सांगणारे यूट्यूबवर पुष्कळ होते.

कोर्टाच्या निकालांत पाय घसरायची जागा वेगळी. २७ जून २०२५ला अमेरिकी सुप्रीम कोर्टाने ‘ट्रम्प विरुद्ध कासा’ खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला. जन्मसिद्ध नागरिकत्वाला कात्री लावणाऱ्या आदेशावर ट्रम्प यांचा विजय, असा त्याचा बोभाटा झाला. खालच्या कोर्टातला एखादा न्यायाधीश संबंध देशाला लागू होईल असा मनाई हुकूम देऊ शकतो का, एवढाच प्रश्न त्या निकालात सोडवला होता. तिथे जन्मलेल्या बाळाच्या नागरिकत्वाचं काय, यावर कोर्टाने त्या दिवशी मत दिलंच नाही. सुप्रीम कोर्ट डॉट जीओव्हीवर निकालाची पीडीएफ त्याच दिवशी येते. सुरुवातीची काही पानं सारांशाची असतात. तो सारांश निकालाचा भाग नाही, असं तिथेच छापलेलं असतं, पण पहिल्या वाचनाला पुरेसा आहे. पुढे बहुमताचं मत, आणि त्यामागे असहमत न्यायाधीशांची मतं, सगळं एकाच फाइलमध्ये. त्यामुळे असहमतीतलं एखादं झणझणीत वाक्य ‘कोर्ट म्हणालं’ म्हणून खपवणं फार सोपं जातं. वाक्य कुणाचं, हे पानाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, तिथे नजर टाकावी. वकिली इंग्रजी डोक्यावरून जात असेल तर निकाल सोपे करून सांगणारं स्कॉटसब्लॉग हे संकेतस्थळ आहे. आणि ओयेझ या संकेतस्थळावर कोर्टातल्या युक्तिवादाचा आवाज लिखित मजकुराबरोबर ऐकता येतो. न्यायाधीश वकिलांना कसे कोंडीत पकडतात, हे ऐकायला मजा येते.

आतापर्यंत बहुतेक सगळी सरकारी संकेतस्थळं सांगितली, म्हणून एक सावधगिरी. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही आहे याचा अर्थ पान खरोखर सरकारी आहे. ते निःपक्ष आहे असा नाही. व्हाइट हाउसचं संकेतस्थळ हा सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाचा भोंगा असतो, पक्ष कुठलाही असो. ऑक्टोबर २०२५मध्ये सरकारचं कामकाज ठप्प झालं, तेव्हा गृहनिर्माण खात्याच्या संकेतस्थळावरच विरोधकांना दोष देणारा ठळक मजकूर झळकला होता. २० जानेवारीला सत्तापालट झाला की व्हाइट हाउसची जुनी पानं हटतात आणि नॅशनल आर्काइव्हजकडे जातात. ओबामांच्या किंवा बायडन यांच्या काळातला दुवा मेलेला दिसला तर तिथे शोधायचं. साध्या चुकाही होतात. ऑगस्ट २०२५मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या भाष्यासहित राज्यघटनेच्या संकेतस्थळावरून पहिल्या अनुच्छेदाचा काही भागच गायब झाला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ग्रंथालयाने कोडिंगमधली चूक असल्याचं सांगितलं आणि मजकूर परत आला. राज्यघटना जागची हलली नव्हती, फक्त पान बिघडलं होतं. असं काही संशयास्पद दिसलं तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये कालचं पान बघता येतं.

हे सगळं वाचायचं तर थोडा पाया हवा, हे मान्य. पायासाठी जाडजूड पुस्तक लागत नाही. अमेरिकी नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न उत्तरांसकट यूएससीआयएसने फुकट ठेवलेत. जुन्या संचात शंभर प्रश्न होते. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांचा नवा संच आहे; त्यातले वीस विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. घरातलं कुणी ही परीक्षा देणार असेल तर त्यांच्याबरोबर बसावं, दोन संध्याकाळींत सांगाडा डोक्यात बसतो. शाळकरी मुलांसाठी आयसिव्हिक्सचे खेळ आहेत. सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांनी निवृत्तीनंतर हा उद्योग सुरू केला. राज्यघटनेसाठी फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरचं संकेतस्थळ मला सर्वात जास्त आवडतं. कलम निवडलं की दोन वेगळ्या विचारांच्या अभ्यासकांनी मिळून लिहिलेला, दोघांनाही मान्य असलेला अर्थ आधी येतो, आणि मतभेद कुठे सुरू होतात ते प्रत्येक जण नंतर वेगळं मांडतो. आपल्या राज्यघटनेवर असं मराठीत कुणी करेल का?

व्हिडिओंचं काय? ‘अमेरिकन संसदेत भारताचा जयजयकार’ छापाच्या क्लिप आल्या की सी-स्पॅनवर जावं. १९७९पासून काँग्रेसचं कामकाज दाखवणारी ही वाहिनी सरकारी नाही, केबल कंपन्यांनी उभी केलेली आहे, आणि तिचा जुना साठा शोधता येतो. सभागृहाचं काम आटोपल्यावर सदस्यांना हव्या त्या विषयावर बोलायला वेळ मिळतो, तेव्हा समोरच्या खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात. कॅमेरा मात्र बोलणाऱ्यावर. १९८४मध्ये रिपब्लिकन सदस्य न्यूट गिंग्रिच आणि त्यांचे साथीदार अशी भाषणं ठोकून विरोधकांना ‘उत्तर द्या’ म्हणून ललकारायचे, आणि घरी बघणाऱ्याला वाटायचं समोरचे गप्प बसलेत. डेमोक्रॅटिक पक्षाचे सभापती टिप ओनील यांनी वैतागून कॅमेरा सभागृहभर फिरवायला लावला आणि मोकळ्या खुर्च्या देशाला दिसल्या. त्यावरून मोठं रणकंदन झालं. छापील कामकाजातही अशी फट आहे: प्रत्यक्षात न केलेलं भाषणही सदस्याला काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये छापून घेता येतं. एखाद्या मंडळाचा ‘अमेरिकी काँग्रेसमध्ये गौरव’ झाला असं वाचलं, की तो मजकूर रेकॉर्डच्या कुठल्या भागात आहे तेवढं पाहावं.

निवडणुकांबाबत भारतीय वाचक एका गोष्टीवर हमखास अडखळतो. आपल्यासारखा सगळी निवडणूक घेणारा एक निवडणूक आयोग तिथे नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण तिचं काम निवडणुकीतल्या पैशांवर नजर ठेवण्याचं. कुणी कुठल्या उमेदवाराला किती दिले हे तिच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. दोनशे डॉलरच्या वरच्या देणग्यांत देणाऱ्याची नोकरीसुद्धा दिसते. मतदान घेतात ती राज्यं आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग), प्रत्येकाचे नियम वेगळे. रात्री टीव्हीवर ‘अमुक जिंकले’ असं दाखवतात तो असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थांचा अंदाज असतो. अधिकृत आकडे राज्य प्रमाणित करतं, आणि त्याला काही आठवडे लागतात. मतमोजणीच्या रात्री आकडे वरखाली होणं यात काळंबेरं नसतं. कुठे टपाली मतं आधी मोजतात, कुठे शेवटी. जनमत चाचण्यांसाठी फाइव्हथर्टीएटकडे जायची सवय असलेल्यांनी आता दुसरं घर शोधावं, एबीसी या वाहिनीने ते संकेतस्थळ मार्च २०२५मध्ये बंद केलं. प्यू रिसर्च सेंटर आहे. ते प्रश्न नेमका कसा विचारला आणि किती जणांना, तेही छापतं. नेत्यांच्या दाव्यांची शहानिशा करायला फॅक्टचेक डॉट ऑर्ग आणि पॉलिटिफॅक्ट ठीक आहेत. त्यांचा निवाडा पटला नाही तरी खाली दिलेले मूळ दुवे कामाला येतात.

आणि वॉशिंग्टनमध्ये जे होतं तेवढंच अमेरिकेचं राजकारण नव्हे. जातिभेदाविरुद्धच्या कायद्याचं घ्या. फेब्रुवारी २०२३मध्ये सिअ‍ॅटलने तो केला. पुढाकार होता पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एसबी ४०३ हे तसंच विधेयक मंजूर केलं, आणि ‘कॅलिफोर्नियात जातिभेदाला बंदी’ हे अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलं. ७ ऑक्टोबर २०२३ला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. सध्याच्या कायद्यांत अशा भेदभावाला आधीच मनाई आहे, म्हणून वेगळ्या कायद्याची गरज नाही, असं कारण दिलं. काँग्रेस डॉट जीओव्हीवर यातलं काही सापडणार नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाचं स्वतःचं संकेतस्थळ आहे, तिथे एसबी ४०३ टाकून २०२३-२४चं सत्र निवडलं की विधेयकाचा मजकूर, मतदान आणि न्यूसम यांचं पत्र तिन्ही दिसतं. सिअ‍ॅटलचा कायदा तर शहराचा, तो वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाकडेही मिळायचा नाही. त्यासाठी सिअ‍ॅटल शहराची नियमसंहिता उघडावी लागते.